नॅनोट्यूब आणि ग्राफीनच्या फिल्मचे इलेक्ट्रोड: या चुका टाळा

सुपरकपॅसिटर (झटपट चार्ज साठवणारं साधन) यासाठी नॅनोट्यूब (कार्बनच्या सूक्ष्म नळ्या) किंवा ग्राफीन (कार्बनचे अणूइतके पातळ थर) यांची फिल्म बनवणारे विद्यार्थी कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता, कमी आला की घाबरतात. खरं तर तो फार जास्त आला, तर आधी शंका घ्यायला हवी. ग्राफीनचं सैद्धांतिक पृष्ठफळ ग्रॅममागे सुमारे २६३० चौरस मीटर असतं; त्यावरून कमाल कपॅसिटन्स निघतो साधारण ५५० फॅरड प्रति ग्रॅम. निव्वळ कार्बनची फिल्म याच्या वर गेली, की समजा कुठेतरी गडबड आहे.

पहिला संशय वजनावर. ०.३ मिलिग्रॅमची फिल्म तराजूने ०.२ दाखवली, तर ग्रॅममागचा आकडा सरळ दीडपट फुगतो. फिल्म पूर्ण वाळवून मायक्रोबॅलन्सवरच मोजा.

दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसवणारा, म्हणजे ज्यावर फिल्म बसवतात तो निकेल फोम. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये (आयन वाहणाऱ्या द्रावणात) त्याच्या पृष्ठभागावर निकेल हायड्रॉक्साइड तयार होतं आणि ते स्वतःच चार्ज साठवतं. श्रेय मात्र फिल्मला मिळतं. म्हणून त्याच व्होल्टेज पट्ट्यात नुसत्या फोमची सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज पुढे-मागे फिरवत प्रवाह मोजणं) आधी करा. आलेखात ठळक शिखरं दिसली, तर कार्बनच्या नावावर फॅरड लिहू नका. नॅनोट्यूबमध्ये उरलेले लोह, निकेल, कोबाल्टचे कणही असाच घोळ घालतात. हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्यावर बरेचसे निघतात, पण कार्बनच्या कवचात अडकलेले राहतात.

सूत्राचं थोडक्यात: दोन सारख्या इलेक्ट्रोडच्या सेलमध्ये, सेलच्या कपॅसिटन्सला दोन्ही फिल्मच्या एकूण वजनाने भागून चारने गुणलं, की एका इलेक्ट्रोडचा आकडा मिळतो. तो चारचा गुणक सेलच्या ऊर्जेच्या हिशोबात शिरू देऊ नका.

आता आकडा खरोखरच कमी असेल तर? ग्राफीनची ओली फिल्म ओव्हनमध्ये वाळवली असेल, तर बहुधा तिथेच घात झाला. पाणी उडताना पृष्ठताणामुळे थर जवळ ओढले जातात आणि पुन्हा एकमेकांवर बसतात. मग आयनांना आत शिरायला जागाच उरत नाही. फ्रीझ ड्राइंग (गोठवून, बर्फाची थेट वाफ करून वाळवणं) करा, किंवा फिल्म वाळूच न देता पाण्याच्या जागी इलेक्ट्रोलाइट भरा. ओल्या फिल्मचं वजन मात्र तसंच्या तसं धरू नका. चाचणीनंतर ती धुऊन, वाळवून मोजा.

नॅनोट्यूबची अडचण वेगळी. वाळलेली फिल्म पाणी धरत नाही, म्हणून चाचणीआधी ती इलेक्ट्रोलाइटमध्ये बुडवून व्हॅक्यूम द्या. रोध जास्त येत असेल, तर गाळताना सर्फॅक्टंट (नळ्या पाण्यात विखुरण्यासाठी घातलेलं साबणासारखं द्रव्य) पुरेसा धुतला गेला नसेल. खाली येणाऱ्या पाण्याला फेस येणं थांबेपर्यंत तर धुवाच, पुढेही थोडं धुवा. सोनिकेशन (ध्वनिलहरींनी नळ्यांच्या गुठळ्या फोडणं) लांबवलं तर नळ्या तुटून आखूड होतात. तेव्हा भांडं बर्फात ठेवा आणि गुठळ्या दिसेनाशा झाल्या की थांबा.