इमॅजिकाला एक दिवस : पाच जणांचं बजेट आधीच कसं बांधायचं

मे महिना आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, इमॅजिकाला, म्हणजे खोपोलीजवळच्या त्या मोठ्या थीम पार्कला, किती खर्च येतो? आणि उत्तर म्हणून कोणीतरी तिकिटाचा आकडा टाकून मोकळं होतं. तो आकडा बघून लोक निघतात आणि मग तिथे दुपारी जेवणाच्या काउंटरवर आई-बाबांचे चेहरे पडतात. मी हे स्वतःच्या घरात बघितलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण वर्षातून एकदा जाणार आपण, त्या दिवशी तरी प्रत्येक आइस्क्रीमला "बघू नंतर" म्हणावं लागू नये. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. आम्ही डोंबिवलीचे, मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई असे पाच जण, त्यामुळे हिशोब पाच जणांचा धरलाय, तुमच्या घराप्रमाणे बदला.

पहिलं म्हणजे तिकीट. इमॅजिका खालापूर तालुक्यात खोपोली-पाली रोडवर आहे, २०१३ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी बाजूलाच वॉटर पार्क आलं आणि २०२२ मध्ये सगळं संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे गेलं. थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटं वेगवेगळी असतात हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण पहिल्यांदा जाणारे बरेच जण एकाच तिकिटात दोन्ही मिळतं असं समजतात. तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो, मंगळवारचा वेगळा, रविवारचा वेगळा, नाताळच्या सुट्टीतला अजून वेगळा. म्हणून मैत्रिणीने गेल्या वर्षी किती दिले ते विचारण्यात अर्थ नाही, तुम्ही ज्या तारखेला जाणार ती तारीख टाकूनच दर बघायचा.

आणि दर बघताना टॅक्स धरलाय की नाही ते बघा. अम्युझमेंट पार्कच्या तिकिटावर आधी २८ टक्के जीएसटी होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आला, पण १८ टक्केसुद्धा पाच जणांवर लावले की चांगले हजाराच्या वर जातात. समजा मोठ्यांचं तिकीट १५००, मुलांचं १२०० आणि सीनियर सिटिझनचं १००० आहे (हे आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून घेतलेत, दर म्हणून नाही), तर दोन मोठे, दोन मुलं, एक आजी मिळून ६४०० होतात, त्यावर ११५२ टॅक्स, म्हणजे खिशातून जाणार ७५५२. यापुढे जिथे जिथे मी तिकीट म्हणेन तिथे हा टॅक्ससकटचा आकडा.

मुलांचं तिकीट वयावर नाही तर उंचीवर ठरतं, हे नीट वाचा. आपल्याला एसटीची, ट्रेनची सवय, तिथे वय विचारतात, इथे गेटवर पट्टी असते. आमचा मोठा नऊ वर्षांचा आहे पण वडिलांवर गेलाय, उंच आहे. निघायच्या आठवडाभर आधी मी त्याला बेडरूमच्या दाराला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर कंपासपेटी आडवी ठेवली, पेन्सिलने खूण केली आणि मेजरिंग टेपने मोजलं, मग बूट घालून परत मोजलं, तर दोन्ही खुणांमध्ये जवळजवळ बोटभर फरक! तुमचं मूल जर अगदी सीमेवर असेल तर जाड सोलचे बूट घालून नेऊ नका, चप्पल-सँडल घाला, आणि तरीही मोठ्यांच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढून ठेवा. गेटवर वाद घालून काही होत नाही, मागे रांग थांबते आणि मूल रडवेलं होतं, त्याला वाटतं आपल्यामुळे पैसे जास्त लागले.

उंचीचा दुसरा उपयोग राईड्ससाठी. प्रत्येक राईडला किमान उंची लिहिलेली असते, ती यादी पार्कच्या वेबसाइटवर मिळते, ती बघून प्रत्येकाच्या नावापुढे कोण कशात बसणार ते लिहून काढा. नायट्रो किंवा डीप स्पेस ह्या मोठ्या रोलर कोस्टरसाठी लहान मुलांना सोडत नाहीत. आमच्या धाकटीच्या वाट्याला टबी टेक्स ऑफ, मॅजिक कॅरोसेल, हॅपी व्हील्स असलं आलं, आणि ती त्यातच इतकी खूश होती की टबीत तीनदा बसली. पण तुमचं मूल फ्री एन्ट्रीच्या उंचीच्या जरासंच वर असेल आणि बसण्यासारख्या चारच राईड निघत असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की एक वर्ष थांबा. पैसे तेवढेच जाणार आणि मुलाला मात्र निम्म्याच्या वर राईड्सना "तू अजून लहान आहेस" ऐकावं लागणार.

आजी-आजोबांना न्यायचं का? जरूर न्या, पण त्यांना विचारून, आणि चालणं भरपूर आहे हे सांगून. सासूबाईंना आय फॉर इंडिया हे तिथलं एक आकर्षण इतकं आवडलं की त्या अजून सांगतात, त्यात बसल्या जागी देशभरावरून उडत गेल्यासारखं दिसतं. पाठदुखी, बीपी असेल तर धक्क्यांच्या राईड्स टाळायच्या. सीनियर सिटिझनच्या तिकिटाला वयाचा पुरावा लागतो, आधार कार्ड सोबत ठेवा. कॉलेजच्या मुलांना वेगळी ऑफर असेल तर ओरिजनल आयडी लागतो, फोटो चालेलच असं नाही.

आता दिवस कुठला निवडायचा, कारण खर्चातला सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो आणि लोक इथेच चुकतात. आपण तिकिटाकडे बघतो, पण खरं बघायचं ते एका राईडला किती पडले. वरच्या उदाहरणात मोठ्यांचं तिकीट टॅक्ससकट १७७० होतं, सुट्टीच्या रविवारी रांगांमध्ये उभं राहून सहा राईड्स झाल्या तर एक राईड २९५ ला पडली, तेच साध्या मंगळवारी पंधरा झाल्या तर ११८ ला. म्हणून शाळेचं गॅदरिंग झालं की दुसऱ्या दिवशी सुट्टी देतात ना, तसला दिवस पकडा, बाकी शाळा चालू असतात आणि पार्क रिकामं असतं. बाबांना एक रजा टाकावी लागते पण ती वसूल होते. शनिवार-रविवारशिवाय जमणारच नसेल तर गेट उघडायच्या आधी अर्धा तास पोचा आणि आत गेल्या गेल्या मोठ्या कोस्टरकडे जा, खालची दुकानं, फोटो वगैरे नंतर. रांग टाळायचा एक्सप्रेस पास जास्तीचे पैसे देऊन मिळतो, पण पाच जणांना तो घेण्याऐवजी तेवढ्यात तुम्ही वर्किंग डेला येऊन जेवूनही जाल, म्हणून मी तो कधी घेतला नाही.

पावसाळ्याबद्दल थोडं. खालापूर-खोपोली पट्ट्यात पाऊस धो धो पडतो, हिरवंगार दिसतं, गर्दी कमी असते, पण जोराचा पाऊस किंवा विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या राईड्स बंद करतात आणि ते बरोबरच आहे. तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, म्हणून बुक करायच्या आधी तारीख बदलून मिळते का तेवढं वाचा.

थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवशी करू नका! दोन्हींचा एकत्र कॉम्बो वेगळा घेता येतो आणि स्वस्त दिसतो, पण दिवस तेवढाच असतो, आणि ओल्या केसांनी दमलेली मुलं कुठल्याच रांगेत उभी राहत नाहीत. वॉटर पार्कला जायचं असेल तर फक्त तेच करा, त्यासाठी जवळचे पर्यायही आहेत, मुंबईकरांना गोराईचं वॉटर किंगडम आहे, पुण्याकडच्यांना लोणावळ्याचं वेट अँड जॉय. आणि वॉटर पार्कचा एक छुपा खर्च म्हणजे कपडे. एका वॉटर पार्कमध्ये (नाव नाही लिहीत) आम्हाला पाण्यापाशी अडवलं कारण माझा आणि नणंदेचा ड्रेस कॉटनचा होता, नायलॉनचाच हवा म्हणाले. बुकिंग करताना हे कुठे धड दिसलं नव्हतं, मग भाड्याने घेतले दोघींनी, डिपॉझिट वेगळं, आणि परत करताना डिपॉझिटसाठी अर्धा तास रांग. तेव्हापासून मी घरातल्या सगळ्यांचे नायलॉनचे कपडे एका पिशवीत भरूनच ठेवलेत. टॉवेलही घरचेच न्या, तिथे ते पण भाड्याने असतात.

जायचा खर्च. आमच्याकडून जाऊन-येऊन साधारण १३० किलोमीटर, गाडी लिटरला पंधरा देते, म्हणजे नऊशेच्या आसपास पेट्रोल. टोलचं सांगायचं तर मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला कारचा पूर्ण पल्ल्याचा टोल एप्रिल २०२३ मध्ये ३२० झाला, आपण खालापूरला उतरतो त्यामुळे पूर्ण लागत नाही, पण दोन्ही वेळचा धरा आणि फास्टॅगमध्ये आदल्या रात्रीच पैसे भरून ठेवा. वाशीचा टोल मात्र कारला ऑक्टोबर २०२४ पासून नाही, मुंबईतून येणाऱ्यांचे तेवढे वाचतात. गाडी नसेल तर सेंट्रलची खोपोली लोकल आहे, अगदी स्वस्त, फक्त गाड्या कमी आहेत, टाइमटेबल बघून निघा, आणि स्टेशनपासून पुढे रिक्षा करावी लागते तिचं भाडं जातानाच ठरवून घ्या, रात्री परतीचं काय तेही त्याच रिक्षावाल्या दादांशी बोलून ठेवा. पाच जण आणि भाड्याची टॅक्सी असं असेल तर पार्कचं बससकट पॅकेज आहे का ते आधी बघा.

खाणं हा खरा खड्डा आहे. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, बॅग तपासतात. म्हणून आमची पद्धत अशी, सकाळी सहाला उठून पोहे नाही, पोह्यांनी दोन तासांत परत भूक लागते, थालीपीठं आणि दही, ते डब्यात, आणि पार्किंगमध्ये पोचल्यावर गाडीतच बसून पोटभर खायचं. मग दुपारी दोनपर्यंत कोणी काही मागत नाही. दुपारचं जेवण आत, एकदाच, पण नीट बसून, कमीत कमी माणशी चारशे धरा, म्हणजे दोन हजार. वर आइस्क्रीम, लिंबू सरबत, पॉपकॉर्न मिळून आठशे. रिकामी बाटली घेऊन जा, आत प्यायच्या पाण्याची सोय असते, भरत राहायची. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं सहसा सोडतात. सासूबाईंना शुगर आहे, त्यांच्यासाठी मी बिस्किटं आणि राजगिऱ्याचे लाडू नेते, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवते आणि गेटवर आधीच शांतपणे सांगते, मला कोणी अडवलं नाही.

पार्किंग आणि लॉकर मिळून साडेतीनशे धरा. आणि मग येतं ते दुकान, राईडमधून बाहेर पडलं की रस्ता दुकानातूनच जातो, आणि राईडवरचा तुमचा ओरडतानाचा फोटो स्क्रीनवर लावलेला असतो. यासाठी मी एक केलं आणि ते फार छान चाललं. निघताना दोन्ही मुलांच्या हातात तीनशे-तीनशे रुपये दिले, शंभराच्या तीन नोटा, आणि सांगितलं की यात काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, आम्ही मध्ये बोलणार नाही. धाकटी त्या तीन नोटा हातात घट्ट धरून दुकानात एका सॉफ्टटॉयसमोर उभी राहिली, किमतीची चिठ्ठी उलटून बघितली, दादाला वाचायला लावली, तो म्हणाला तुझ्याकडे नाहीत एवढे, मग तिने पूर्ण दुकान फिरून एक चावीची रिंग घेतली आणि उरलेली एक नोट घडी करून परत फ्रॉकच्या खिशात. ना रडणं, ना हट्ट.

तर आता बेरीज. तिकीट ७५५२, पेट्रोल ९००, टोल ३०० धरा, सकाळचा डबा आणि परतीचा चहा-वडापाव ४००, आतलं खाणं २८००, पार्किंग-लॉकर ३५०, मुलांचे ६००. झाले १२,९०२. म्हणजे तिकिटाच्या जवळजवळ पावणेदोन पट, आणि हाच माझा ठोकताळा आहे, टॅक्ससकट तिकिटाची रक्कम काढा, तिला पावणेदोनने गुणा, तेवढे पैसे बाजूला निघत असतील तरच तारीख बुक करा. नसतील तर दोन महिने थांबून साठवा, दर महिन्याला डब्यात टाकत गेलं की होतं. हे बजेट मुलांसमोर बसूनच करा, मोठी मुलं असतील तर बेरीज त्यांनाच करायला लावा, मग आत गेल्यावर ती स्वतःच सांगतात हे महाग आहे, नको.

तिकीट पार्कच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा. बँकेच्या कार्डची ऑफर तिथेही लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर "फ्री पास, ही लिंक दहा जणांना पाठवा" असं फिरत असतं, ते उघडूसुद्धा नका, आणि घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवा.

काही जण पालीचा बल्लाळेश्वर किंवा महडचा वरदविनायक आणि इमॅजिका असं एका दिवसात बसवतात. महड वाटेवरच आहे, सकाळी लवकर निघालात तर दर्शन होतं, पाली मात्र पुढे आहे, ते वेगळ्या दिवशी ठेवा, दोन्हीची घाई होते.

संध्याकाळची परेड बघा, त्याचे वेगळे पैसे नसतात, आणि मग निघा. रात्रीचं जेवण आत घेऊ नका, रविवार असेल तर एक्सप्रेसवेला मुंबईकडे जाम असतो आणि मुलं गाडीत बसल्या बसल्या झोपतात, हॉटेलला थांबलात तर उठतही नाहीत. खोपोलीत गरम वडापाव आणि चहा घ्या, घरी सकाळीच आमटी करून फ्रीजमध्ये ठेवलेली असली की आल्यावर फक्त भाताचा कुकर लावायचा.