पाणी वाचवून वीज कशी वाचवाल? सुरुवात गरम नळापासून करा

पाणी वाचवलं की वीज वाचते, हे खरंच आहे. पण प्रत्येक लिटरमागे सारखी वीज वाचत नाही. १००० लिटर पाणी १० मीटर उंचीवरच्या टाकीत चढवायला, पंप फारसा चांगला नसला तरी, ०.१ युनिटच्या आसपास वीज लागते. तेवढंच पाणी २५ अंश सेल्सिअसने तापवायचं तर सुमारे २९ युनिट! म्हणून माझा आग्रह आहे की आधी गरम पाण्याकडे बघा, बाकीचं नंतर.

१. शॉवर मोजा. शॉवर नेहमीसारखा सोडा आणि एक मिनिट पाणी बादलीत धरा. समजा १० लिटर भरलं. म्हणजे आठ मिनिटांच्या अंघोळीला ८० लिटर. २० अंशांचं पाणी ४० अंशांवर आणायचं असेल तर त्याला साधारण १.९ युनिट लागतात. मिनिटाला ६ लिटर सोडणारा शॉवर बसवलात, तर तेवढ्याच वेळाच्या अंघोळीला १.१ युनिट पुरतात. घरात चार माणसं असतील तर रोजची बचत ३ युनिटच्या आसपास जाते. अंघोळ आवरती घ्यायची गरजही पडत नाही. गॅस गीझर असेल तर एक काळजी घ्या: प्रवाह फार कमी झाला की तो पेटत नाही, तेव्हा गीझरला किमान किती प्रवाह लागतो ते आधी पाहून घ्या.

२. गरम नळाची गळती आजच काढा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला वीसेक लिटर. गीझर सतत चालू असेल, तर २५ अंशांच्या हिशेबाने महिन्याला १७ युनिट त्या थेंबांबरोबर मोरीत जातात. बहुतेक वेळा दोष फक्त झिजलेल्या वायसरचा असतो.

३. पाइपातलं पाणी लक्षात घ्या. हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. गीझरपासून नळापर्यंत १० मीटर अर्धा इंची पाइप असेल, तर त्यात दीड लिटरच्या आसपास पाणी मावतं. हात धुवायला गरम नळ सोडला की आधी तेवढं गार पाणी येतं. ऊन पाणी पोचेपर्यंत हात धुऊन होतात आणि गीझरने तापवलेलं पाणी पाइपातच निवतं. म्हणून हात गार पाण्यानेच धुवा. अंघोळी एकापाठोपाठ एक उरका, म्हणजे पाइप पुन्हा पुन्हा तापवावा लागणार नाही. सुरुवातीचं गार पाणी बादलीत धरून झाडांना घाला.

४. कपडे गार पाण्यात धुवा. हीटर असलेल्या वॉशिंग मशीनमध्ये गरम धुलाईची बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. कपडे फार तेलकट नसतील तर गार धुलाई पुरते. मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नका.

५. टाकी ओसंडू देऊ नका. पाणी पुरेसं भरलं की पंप आपोआप बंद करणारा सेन्सर बसवा. बिलात फार फरक दिसणार नाही, कारण पाणी शुद्ध करून घरापर्यंत आणायला लागलेली वीज तुमच्या मीटरवर येत नाही. ती खर्च झालेली असते, एवढं मात्र खरं.

बदल करण्याआधी सात दिवस रोज ठरलेल्या वेळी मीटरचं रीडिंग लिहा, नंतरही सात दिवस लिहा. दोन्ही आठवडे एकाच ऋतूतले घ्या. थंडीत टाकीतलं पाणीच जास्त गार असतं, त्यामुळे उन्हाळ्याशी केलेली तुलना फसवी ठरते.