इंटरप्टचा नंबर बेरजेने काढू नका: कर्नलचा कोड एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर नेताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात महापे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये एक बोर्ड तीन दिवस अडून बसला होता. जुना बोर्ड आर्म प्रोसेसरचा, नवा रिस्क-फाइव्हचा, सेन्सरचा ड्रायव्हर तोच. ड्रायव्हर लोड होत होता, लॉगमध्ये एरर नव्हती, आणि सेन्सरची इंटरप्ट लाइन (प्रोसेसरला ‘इकडे बघ’ म्हणून हाक मारणारी वायर) स्कोपवर व्यवस्थित वर-खाली होताना दिसत होती. पण लिनक्सच्या प्रॉकमधली इंटरप्ट्स फाइल (कुठला इंटरप्ट किती वेळा आला ते कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, इथे दाखवतो) उघडली की आमच्या ओळीत प्रत्येक कोअरखाली शून्य. त्यातच शेजारच्या टेबलावरची तक्रार: दुसरा सिरियल पोर्ट उघडतच नाही, ‘डिव्हाइस बिझी’ म्हणतो.

टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने स्क्रीनवर बोट ठेवलं. “सर, ही ओळ आपलीच आहे कशावरून?”

“शेवटी नाव आपलंच आहे की.”

“नाव आपलं आहे, पण कंट्रोलरच्या नावापुढचा आकडा बघा. तिथे १० आहे. आपली वायर तर २७ वर आहे ना?”

तिचं बरोबर होतं. त्या फाइलमध्ये डावीकडचा पहिला आकडा कर्नलने दिलेला नंबर असतो, आणि कंट्रोलरच्या (उपकरणांचे इंटरप्ट गोळा करून प्रोसेसरकडे पोचवणाऱ्या भागाच्या) नावापुढे छापलेला आकडा हा हार्डवेअरचा. आम्ही सगळे डावीकडचा ४५ बघत होतो. १० ही लाइन त्या सिरियल पोर्टची होती.

नंबराला ३२ मिळवणं

४५ आला कुठून? आर्मच्या जीआयसी कंट्रोलरमध्ये ० ते १५ हे कोअरनी एकमेकांना पाठवायचे इंटरप्ट, १६ ते ३१ प्रत्येक कोअरचे खासगी, आणि बाहेरच्या उपकरणांचे ३२ पासून पुढे. जुन्या बोर्डाच्या डेटाशीटमध्ये आमची लाइन १३ होती, म्हणून कुणीतरी ड्रायव्हरमध्ये १३ अधिक ३२ असं सरळ लिहून टाकलं होतं. त्या जुन्या कर्नलमध्ये हार्डवेअरचा नंबर आणि कर्नलचा नंबर जुळलेले होते, त्यामुळे ते वर्षानुवर्षं चाललं.

नव्या बोर्डावर कर्नल नंबर लागेल तसे वाटत गेला आणि ४५ त्या सिरियल पोर्टला मिळाला. सिरियलचा ड्रायव्हर इंटरप्टवर हक्क सांगतो तो पोर्ट उघडताना. तोपर्यंत ४५ मोकळा होता, आमच्या ड्रायव्हरने मागितला, कर्नलने देऊन टाकला. नंबर मोकळा नसता तर निदान एरर तरी आली असती. दोन टेबलांवरच्या दोन तक्रारी, चूक एकच.

नवी मुंबईत राहणाऱ्याला हे समजायला सोपं आहे. ठाण्याहून आलेल्या पाहुण्याला नुसतं ‘सेक्टर १०’ सांगून बघा. सेक्टर १० वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे, ऐरोलीत आहे, खारघरमध्येही आहे. आधी नोड (वाशी, नेरुळ असा विभाग), मग सेक्टर. हार्डवेअर इंटरप्टचंही तसंच: २७ म्हणजे कुठल्या कंट्रोलरचा २७? लिनक्समध्ये या ‘नोड’ला आयआरक्यू डोमेन म्हणतात. प्रत्येक कंट्रोलर आपलं डोमेन नोंदवतो, आणि डोमेन व हार्डवेअर नंबर मिळून कर्नलचा एक नंबर ठरतो. या जोडणीला मॅपिंग म्हणतात.

ही कल्पना मुळात पॉवरपीसीच्या कोडमधली. तिथे तिला आयआरक्यू होस्ट म्हणत. आर्मवर डिव्हाइस ट्री (बोर्डावर कुठलं उपकरण कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) आल्यावर तीच गरज तिथे पडली, २०११ मध्ये सामाईक आयआरक्यू डोमेन आलं, आणि २०१२ च्या ३.४ आवृत्तीत पॉवरपीसीचा कोडही त्यात विलीन झाला. पुढे ३.१९ मध्ये एकावर एक रचलेल्या कंट्रोलरांसाठी डोमेनची उतरंड आली. इतकं सगळं तयार असताना ड्रायव्हरमध्ये बेरीज करायचं कारणच उरत नाही. ड्रायव्हरने नंबर मागून घ्यावा, मिळेल तो वापरावा, आणि त्याचा अर्थ लावू नये.

डिव्हाइस ट्रीची ओळ जशीच्या तशी उचलणं

बेरीज काढून टाकली, तर लगेच दुसरी चूक समोर आली. जुन्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये इंटरप्टची ओळ ‘० १३ ४’ अशी होती. जीआयसीला एका इंटरप्टसाठी तीन आकडे लागतात: प्रकार, नंबर, ट्रिगर (सिग्नल कसा झाला की इंटरप्ट धरायचा). आमच्या नव्या बोर्डावरच्या पीएलआयसीला (रिस्क-फाइव्हच्या इंटरप्ट कंट्रोलरला) एकच आकडा लागतो. तीच ओळ तिथे ठेवली की पार्सरला तीन स्वतंत्र इंटरप्ट दिसतात: ०, १३ आणि ४. ड्रायव्हर पहिला मागतो, म्हणजे ०. आणि पीएलआयसीत ० म्हणजे ‘इंटरप्ट नाही’. एका इंटरप्टला किती आकडे लागतात हे डिव्हाइस ट्रीत त्या कंट्रोलरच्या नोंदीत लिहिलेलं असतं. आधी ते बघा, मग ओळ लिहा.

अपयश चुकीच्या पद्धतीने तपासणं

पूर्वी ‘इंटरप्ट नाही’ हे सांगायला आर्मवर उणे एक वापरत आणि पॉवरपीसीवर शून्य. आता सगळीकडे शून्य अवैध आहे, पण जुन्या सवयी कोडमध्ये टिकून राहतात. प्लॅटफॉर्म गेट आयआरक्यू हे फंक्शन अपयश आलं की ऋण आकडा देतं. आयआरक्यू ऑफ पार्स अँड मॅप शून्य देतं, आणि तेही अनसाइन्ड (जो ऋण होऊच शकत नाही अशा) प्रकारात. दुसऱ्याचा निकाल ‘शून्याहून लहान आहे का’ असा तपासलात तर ती अट कधीच खरी होत नाही. शक्य तिथे पहिलंच वापरा. त्याच्याकडून उणे ५१७ आलं तर घाबरू नका: कंट्रोलरचं डोमेन अजून नोंदलेलं नाही, नंतर ये, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा प्रोबमधून (ड्रायव्हर उपकरण सुरू करतो त्या फंक्शनमधून) तसाच परत करा. तो गिळून पुढे जाणारे ड्रायव्हर मी बरेच पाहिले आहेत. बूटचा क्रम बदलला की ते बंद पडतात.

ट्रिगर ड्रायव्हरमध्येच लिहून ठेवणं

सेन्सर लाइन खाली ओढून धरणारा असेल, तर ड्रायव्हरमध्ये ‘लो लेव्हल’ लिहायचा मोह होतो. पण जीआयसी बाहेरच्या उपकरणांसाठी फक्त चढती कडा आणि हाय लेव्हल स्वीकारतो. बाकीचं मागितलं तर नकार देतो. वाटेत इन्व्हर्टर आहे की नाही हे बोर्डाला माहीत असतं, ड्रायव्हरला नाही. म्हणून ट्रिगर डिव्हाइस ट्रीत ठेवा आणि इंटरप्ट मागताना ड्रायव्हरकडून ट्रिगरचा फ्लॅग देऊच नका.

लेव्हलची (पातळी धरून ठेवणारी) लाइन चुकून एज (कडा) म्हणून लावली, तर काउंट एक-दोनवर येऊन थांबतो: लाइन खालीच राहिली, नवी कडा आलीच नाही. उलट, लेव्हलची लाइन तशीच धरलेली राहिली आणि कुठलाच हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) ‘हा माझा’ म्हणाला नाही, तर इंटरप्टचा पूर येतो. एक लाखांपैकी ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले की कर्नल ‘नोबडी केअर्ड’ लिहून ती लाइन बंद करतो. काउंट लाखावर अडकलेला दिसला की हेच झालंय असं समजा.

हँडलरच्या आत मॅपिंग तयार करणं

जीपीआयओसारखा (साध्या इनपुट-आउटपुट पिनांचा) दुय्यम कंट्रोलर लिहिताना ही चूक होते. नवं मॅपिंग तयार करताना म्युटेक्स (ज्यासाठी थांबावं लागू शकतं असं कुलूप) लागतो, मेमरी लागते. इंटरप्ट हाताळत असताना ते करायचं नसतं. मॅपिंग आधी झालेलं असावं. हँडलरमध्ये डोमेन आणि हार्डवेअर नंबर देऊन जेनेरिक हँडल डोमेन आयआरक्यू बोलवा. त्याच्या आधी-नंतर चेन्ड एंटर आणि एक्झिट हवेतच. मुख्य कंट्रोलर ‘पोच’ कशी मागतो हे प्रत्येक आर्किटेक्चरवर वेगळं असतं आणि ते हे दोन कॉल सांभाळतात. ते विसरलात तर एका बोर्डावर नशिबाने चालेल, दुसऱ्यावर पहिल्याच इंटरप्टनंतर लाइन गप्प होईल.

आता नवा बोर्ड आला की मी स्कोपला हात लावण्याआधी कर्नलमध्ये आयआरक्यू डीबगएफएस चालू करतो. डीबगच्या फोल्डरमध्ये आयआरक्यू, त्यात डोमेन्स: कुठलं डोमेन नोंदलंय, त्यात किती मॅपिंग आहेत, वरचं डोमेन कुठलं, सगळं तिथे वाचता येतं. त्या दिवशीही आधी तिथेच पाहिलं असतं तर पीएलआयसीच्या २७ ला मॅपिंगच नाही हे दहा मिनिटांत कळलं असतं. ड्रायव्हरमधली ती बेरीज काढून टाकली, डिव्हाइस ट्रीत २७ लिहिला, बोर्ड पुन्हा सुरू केला. आमच्या ओळीला ५२ नंबर मिळाला, कंट्रोलरपुढे २७ दिसला, आणि सेन्सरवर बोट ठेवलं तसा काउंट १ झाला.