जैसलमेर रोडट्रिपला फोटो काढताय? या चुका टाळा

जैसलमेरहून परत आलेल्यांची एक ठरलेली तक्रार असते, डोळ्याला सगळं सोनेरी दिसत होतं आणि फोटोत मात्र सिमेंटचं गोडाऊन आलं. कॅमेऱ्याला शिव्या घालून उपयोग नाही, गडबड बऱ्याचदा गाडीच्या टाइमटेबलमध्ये असते.

आपण काय करतो, आरामात नाश्ता करून नऊ-दहाला निघतो, वाटेत कुलधराचं ओसाड गाव उरकतो आणि भर उन्हात सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर पोचतो. ऊन डोक्यावर आलं की वाळूवरच्या लाटांची सावलीच पडत नाही आणि सावली नाही म्हणजे आकार नाही, मग कितीही महागडी लेन्स लावा. डिसेंबर-जानेवारीत तिथे सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो, पुण्यापेक्षा जवळपास अर्धा तास उशिरा, आणि मावळतो मात्र सहाच्या सुमारासच. सम जैसलमेर शहरापासून ४० किलोमीटरवर, त्यामुळे सव्वासहाला निघालात तरी जमतं, फक्त अंधारात रस्त्यावर उंट-गाई असतात तेव्हा दामटू नका. संध्याकाळी समला जीप आणि उंटांची जत्रा असते, शांतता हवी तर खुरी गावाजवळच्या वाळूकडे जा. आणि हो, ग्रुपमधला एक उत्साही मेंबर आधीच पळत टेकडीवर जाऊन पावलं उमटवून ठेवतो, त्याला थोडा वेळ गाडीतच बसवा 😄

ऊन डोक्यावर येण्याची वेळ वाया जाते असं समजू नका, ती देवळांसाठी ठेवा. किल्ल्यातली जैन मंदिरं पर्यटकांना साधारण दुपारपर्यंतच बघता येतात, नक्की वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. साडेअकरा-बाराचं ऊन अंगणातल्या फरशीवर पडून आत उसळतं आणि खांबांवरची कोरीव कामं खालून उजळतात, तो उजेड सकाळी सातला मिळत नाही. फ्लॅश मारला की सगळं नक्षीकाम सपाट, आणि बऱ्याच ठिकाणी तो चालतही नाही. त्यापेक्षा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची सेटिंग, १६०० किंवा ३२०० करा, थोडे दाणे आलेले चालतात, हललेला फोटो नंतर काही केल्या सुधारत नाही. लोद्रव्याच्या पार्श्वनाथ मंदिराच्या दगडी जाळ्या घेताना एक्सपोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते, जाळीतून येणाऱ्या उजेडावर धरा, नाहीतर जाळी पांढरीफट्ट होते. मूर्तीचा फोटो विचारल्याशिवाय नको. आणखी एक, जैन मंदिरात चामडं चालत नाही, बेल्ट-पाकीट लोकांच्या लक्षात असतं पण कॅमेऱ्याचा लेदरचा पट्टा विसरतात आणि दारातच अडकतात, साधा नायलॉनचा लावा.

आता त्या सिमेंटचं. उजळ वाळू दिसली की कॅमेरा तिला मधल्या राखाडीवर आणायला बघतो, म्हणून फोटो काळपट येतो, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सेटिंग) प्लस ०.७ ते १ करून बघा. पिवळेपणा उडाला असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची सेटिंग, ऑटोवरून डेलाइटवर आणा, ऑटोला सोनेरी रंग म्हणजे चूकच वाटते. झूम फिरवताना कचकच आवाज आला तर तिथेच थांबा, जोर लावू नका, आणि काचेवरची वाळू रुमालाने पुसायचा मोह आवरा, आधी ब्लोअरने उडवा, नाहीतर चरे पडतात. लेन्स बदलायची तर गाडीत, काचा वर करून.

संध्याकाळी किल्ल्यातल्या रूफटॉपवर चहा पीत किल्ल्याच्या फोटोची वाट बघणारे खूप दिसतात. अहो, तिथून किल्ला कसा दिसणार? किल्ल्याबाहेरच्या व्यास छत्री या दगडी स्मारकांपाशी जा, मावळतीचं ऊन पाठीशी राहतं आणि समोर सगळा पिवळा दगड पेटतो. बडा बागेतल्या राजघराण्याच्या छत्र्यांमागे (दगडी स्मारकांमागे) पवनचक्क्या येतातच, लोक त्या एडिटिंगमध्ये पुसत बसतात, मला तर त्या असलेल्याच बऱ्या वाटतात, आजचं जैसलमेर तसंच आहे.

तनोट मातेच्या मंदिरात जाणार असाल तर ड्रोन बॅगेतून काढूच नका, बॉर्डर जवळ आहे आणि मंदिराची व्यवस्थाही बीएसएफकडे आहे. १९६५च्या युद्धातले न फुटलेले तोफगोळे तिथे मांडून ठेवलेत, पण ते काचेमागे आहेत, तेव्हा लेन्स काचेला टेकवून फोटो घ्या, म्हणजे स्वतःचंच प्रतिबिंब येत नाही, आणि ड्युटीवरच्या जवानांकडे कॅमेरा वळवण्याआधी त्यांना विचारा.