घोड्याला ब्लँकेट: कधी घालायचं, कुठलं घ्यायचं, कसं बांधायचं

ब्लँकेट विकत घ्यायच्या आधी एकदा पहाटे पाचला उठून घोड्याजवळ जा आणि पुढच्या पायाच्या मागं, तंग म्हणजे खोगिराचा पोटपट्टा जिथं बसतो तिथं केसांच्या आत बोटं घाला. आत कोमट लागतंय, घोडा निवांत वैरण खातोय, तर त्याला थंडी वाजत नाही, त्याला तसंच राहू द्या. नुसते कान गार लागले म्हणून घाबरू नका, एकट्या कानावरनं काही कळत नाही. पण अंग थरथरतंय, पोट आत ओढून वाऱ्याकडं पाठ करून उभाय, समोर गवत असून तोंड लावत नाही, मग मात्र खरंच गारठलाय.

घोड्याच्या अंगावर स्वतःची गोधडी असतीच. २१ जूननंतर दिवस लहान व्हायला लागतो आणि त्या कमी होणाऱ्या उजेडावर त्याचे थंडीचे केस यायला सुरुवात होते, आपल्याला घाम येत असतो तेव्हाच. थंडी लागली की हे केस उभे राहतात, मधे हवा अडकते आणि ऊब टिकते. वरनं जड ब्लँकेट टाकलं की तेच केस चपटे होतात, म्हणजे जी ऊब फुकट मिळत होती ती आपणच दाबून टाकली. ५ ते २५ डिग्रीच्या मधे तब्येतीत असलेल्या कोरड्या घोड्याला काहीच लागत नाही, आणि सांगली, मिरज, कराड, फलटणला डिसेंबरातसुद्धा रात्र बहुतेक वेळा याच हिशोबात बसते.

महाबळेश्वरचं वेगळं. वेण्णा लेकला हिमकण दिसले की पेपरात फोटो येतात आणि लोकांना वाटतं हवा शून्यावर गेली, तसं नसतं, हवा चार-पाच डिग्री असली तरी उघड्या आभाळाखाली गवताची ऊब वर निघून जाते आणि गवत हवेपेक्षा जास्त गार होतं म्हणून दव गोठतं. घोड्याच्या पाठीचंही तेच होतं. त्यामुळं तिथं पहिला खर्च पत्र्याचा करा, ब्लँकेटचा नंतर. डोक्यावर छप्पर आणि वाऱ्याच्या बाजूला एक आडोसा एवढं झालं तरी निम्म्याहून जास्त घोड्यांचं काम भागतं. रात्री वैरण वाढवा, कडबा किंवा वाळलेलं गवत, कारण ते पोटात आंबताना आतनं ऊब तयार होते. चंदी म्हणजे दाणा वाढवून तेवढी ऊब येत नाही, उलट पोटदुखीची भीती.

मग ब्लँकेट लागतं कुणाला? म्हातारा, बरगड्या दिसणारा, आजारातनं उठलेला, केस कापलेला, आणि ऐन थंडीत खालच्या गरम भागातनं वर आणलेला घोडा. आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे ओला घोडा.

ओल्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. महाबळेश्वरात वर्षाला ५५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिकडं जून ते सप्टेंबर घोडा वाळतच नाही, भिजलेले केस अंगाला चिकटले की मधली हवा गेली, त्यात वारा, त्यामुळं २० डिग्रीला पण घोडा कापतो. अशा वेळी माणसं काय करतात, तर ओल्या अंगावरच प्लॅस्टिकचा कागद नाहीतर ताडपत्री टाकतात. आतली वाफ बाहेर जात नाही, चार दिवसात पाठीवर खपल्या धरतात आणि खरारा फिरवला की केसांचे झुपके खपलीसकट हातात येतात. असं करू नका. आधी सुताच्या फडक्यानं पाणी निपटून काढा, मग पाठीवर वाळलेल्या गवताचा चांगला वीतभर थर पसरा आणि त्यावर गोणपाट टाकून सैल बांधा. गवतातनं हवा खेळते, वाफ वर येते, थोड्या वेळानं गोणपाटाला वरनं हात लावला की ते ओलं लागतं आणि खाली घोड्याची पाठ सुकत आलेली असते. मग गवत काढा आणि कोरडं पांघरूण घाला.

लग्नातल्या घोड्यांचं पण सांगायला पाहिजे. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, रात्री दोन-दोन तास वरात, डीजे, गर्दी, घोडी घामानं भिजते आणि वरात संपली की तशीच मंडपाच्या मागं गारव्यात उभी करतात, अंगावर ती टिकल्यांची मखमली झूल तशीच. झूल आधी काढा. दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा, घाम पुसा, मग घोंगडी टाका. टेम्पोत उभी करताना पण ती अंगावर असू द्या, चालत्या गाडीत वारा फार लागतो.

घोंगडी म्हणतोय ते मुद्दाम. माण, आटपाडी, जतकडची मेंढीच्या लोकरीची घोंगडी या कामाला फार चांगली. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ओल पिऊन घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. आपल्या धनगरांच्या तळावर घोड्याच्या पाठीवर ओझ्याखाली घोंगडी असतीच, ती उगाच नाही. फक्त नवीन घोंगडी खरखरीत असते, त्यामुळं आधी धुऊन घ्या आणि पातळ कातडीच्या घोड्याला खाली जुनं सुती धोतर नाहीतर चादर टाका. पण पावसात बाहेर घोंगडी नको, भिजली की मणभर जड होते.

विकतचं घ्यायचं असेल तर आत किती ग्रॅमचं फिल, म्हणजे उबेसाठी भरलेला भराव, आहे ते विचारा. शून्य म्हणजे नुसतं कापड, १०० हलकं, २०० मध्यम, ३०० च्या पुढं बर्फाच्या देशासाठी. आपल्याकडं शून्य किंवा १०० घ्या, जास्त नको. बाहेर पावसात घालायचं तर वॉटरप्रूफ आणि वाफ बाहेर सोडणारं, दोन्ही पाहिजे. कापड ६०० डेनियरचं चालतं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), दोस्ताबरोबर चावाचावी करणारा घोडा असेल तर १२०० चं.

मापात मी स्वतः फसलोय. एका दुकानदारानं सांगितलं मोठं घ्या, घोडा भरला की बसेल, आणि मी ऐकलं. सैल ब्लँकेट रात्रभर मागं सरकायचं आणि पुढची कड दोन्ही खांद्यांवर घासायची. आठ दिवसांनी काढून बघतो तर रुपयाच्या नाण्याएवढे केस गेलेले, खाली लाल कातडी, हात लावला की घोडा अंग चोरायचा. केस परत यायला दीड महिना गेला. म्हणून टेप घ्या, छातीच्या मधोमधपासनं खांद्यावरनं पुठ्ठ्याच्या, म्हणजे ढुंगणाच्या, शेवटच्या टोकापर्यंत सरळ मोजा, तेच माप. घातल्यावर मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याखाली पंजा सहज आत गेला पाहिजे. पोटाखालच्या पट्ट्यात चार बोटं जागा सोडा, जास्त लोंबला तर घोडा बसताना पाय अडकतो.

घालताना ब्लँकेट पुढं टाका आणि केसांच्या दिशेनं मागं ओढत आणा, उलटं ओढलं तर केस मुडपतात. आधी छातीचं बकल, मग पोटाचे पट्टे, शेवटी मांड्यांमधले. काढताना बरोबर उलटं, छातीचं सगळ्यात शेवटी. मागं उभं राहून वाकू नका, बाजूनं करा. वरनं सुतळी आवळून बांधायची पद्धत मला अजिबात पटत नाही, कण्यावर दाब येऊन जखम होते.

आणि रोज काढायचंच. सकाळी ऊन आलं की काढा, खरारा करा, बरगड्यांवरनं हात फिरवा, कारण पांघरुणाखाली घोडा वाळत चाललाय हे महिनाभर कळत नाही. आत घाम लागला तर ब्लँकेट जास्त होतंय. एकाचं दुसऱ्याला घालू नका, गजकर्ण असंच पसरतं. वॉटरप्रूफ असेल तर गरम पाणी आणि पावडर नको, गार पाणी आणि ब्रश, नाहीतर वरचा थर जातो आणि पुढच्या पावसात आत पाणी येतं. शिमगा झाला की धुऊन दोन दिवस कडक ऊन दाखवायचं, शिवण उसवलीय का बघायचं आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवायचं. पोत्यात भरून गोठ्याच्या माळ्यावर टाकलं की उंदीर कुरतडतात.