अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करताना मेजरची निवड

बारावीनंतर अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्या मुलांचे अर्ज मी काही वर्षांपासून वाचून देत आहे. बहुतेक घरांत विद्यापीठांची यादी आधी ठरते आणि मेजरचा, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचा, रकाना शेवटच्या आठवड्यात भरला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, कारण प्रवेश विद्यापीठात मिळतो की थेट मेजरमध्ये, यावर स्पर्धा किती कठीण होणार हे पुष्कळसे ठरते. एमआयटीत पहिले वर्ष संपताना मेजर निवडतात, ब्राऊनमध्ये तर दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत मुभा असते. याउलट कार्नेगी मेलनमध्ये कॉम्प्युटर सायन्सच्या स्कूलचा प्रवेश स्वतंत्रपणे होतो. यूसीएलएमध्ये लेटर्स अँड सायन्स या कला-विज्ञान शाखेच्या कॉलेजसाठी निवड करताना मेजर पाहत नाहीत, इंजिनिअरिंगसाठी मात्र पाहतात.

‘सोप्या मेजरमधून आत शिरा, मग बदलून घ्या’ हा आपल्याकडे सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या बहुतेक जागा अर्जाच्या वेळीच त्या मेजरसाठी निवडलेल्या मुलांना जातात. नंतर आतून तिकडे वळणे फार कठीण असते, आणि एवढी फी भरून मन नसलेला विषय शिकत राहावे लागते.

कोल्हापूरच्या एका मुलीने मेजर म्हणून कॉम्प्युटर सायन्स लिहिले होते, पण त्याच्या आधाराला एका ऑनलाइन कोर्सपलीकडे काही नव्हते. कॉमन अ‍ॅप या अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या सामाईक अर्जातील उपक्रमांच्या १० ओळींपैकी अगदी खालच्या ओळीत तिने पंचगंगेच्या पाण्याचे नमुने तपासल्याचे लिहिले होते. मी वही मागवली. तारीख, ठिकाण, पाण्याचे तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन, असे रकाने तिने स्वतः आखले होते, आणि पावसाळ्याआधीचे आकडे का घसरले याची कारणे समासात लिहिली होती. तिच्याशी बोलल्यावर तिचा ओढा कुठे आहे हे तिलाच उमगले. तिने एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग निवडले आणि ती ओळ सर्वांत वर नेली. तिला कोडिंगची खरी ओढ असती, तर केवळ गर्दी कमी म्हणून मेजर बदलायला मी कधीच सांगितले नसते.

आणखी एक गोष्ट पालकांनी आधीच विचारून घ्यावी. पदवीनंतर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सामान्यतः १२ महिने ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याची परवानगी, मिळते आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मेजर असल्यास त्यात २४ महिन्यांची वाढ मिळू शकते. इकॉनॉमिक्सची पदवी काही विद्यापीठांत स्टेममध्ये मोडते, काहींत मोडत नाही. त्यामुळे विभागाला ईमेल करून त्या पदवीचा सीआयपी कोड, म्हणजे ती स्टेममध्ये मोडते का हे ज्यावरून ठरते तो अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक, लेखी मागवावा.