ट्रेडिंगचा मार्गदर्शक लावण्याआधी वही भरा

सोयाबीन-कापसाचा चुकारा खात्यात पडला की ट्रेडिंगचा क्लास लावायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. मार्गदर्शकाचा फायदा होतो का? होतो, पण ज्याच्याकडे स्वतःच्या ३०-४० सौद्यांची नोंद आहे त्यालाच. मातीचा नमुना न पाहता खताची मात्रा सांगणाऱ्यावर कास्तकार विश्वास ठेवत नाही. इथेही तेच आहे. जो तुमची वही न मागता थेट शेअरची नावं सांगतो, त्याला सोडा.

म्हणून आधी वही. भांडवल १ लाख असेल तर एका सौद्यात जोखीम १ टक्का, म्हणजे १,००० रुपये. शेअर ४२० ला घ्यायचा आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकायचा ठरलेला भाव, ४१० ला, तर नगामागे जोखीम १० रुपयांची, म्हणून नग १००. तारीख, शेअर, घ्यायचा भाव, स्टॉपलॉस, नग आणि घेण्याचं कारण हे सगळं ऑर्डर टाकण्याआधी लिहायचं. सौदा मिटल्यावर शेवटचा रकाना भरायचा: खरोखर कोणत्या भावाला बाहेर पडलो. हे आकडे आठवणीने लिहू नका, ब्रोकर ईमेलवर पाठवतो त्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून, म्हणजे सौद्यांच्या पावतीवरून उतरवा.

खरी चूक या शेवटच्या रकान्यात सापडते. भाव ४१० ला आला, विकायला जीव होईना, स्टॉप ४०४ ला सरकवला आणि तिथे कटला. तोटा १,००० ऐवजी १,६००. एका सौद्यात हे डोळ्यांत भरत नाही. पण ४० सौदे मांडा: १८ नफ्याचे, सरासरी १,४०० प्रमाणे २५,२०० रुपये. २२ तोट्याचे, ठरल्याप्रमाणे कटले असते तर २२,०००. म्हणजे ३,२०० हातात राहिले असते. त्यातल्या फक्त सहा सौद्यांत स्टॉप सरकवला तर तोटा २५,६०० वर जातो आणि हिशेब उलटा ४०० रुपये वजा. ब्रोकरेज आणि कर वेगळेच. चांगला मार्गदर्शक नेमकं इथे बोट ठेवतो. शेअर निवडायची पद्धत बरी होती, हात सैल पडला, हे स्वतःच्या नजरेतून सुटतं.

फीचा हिशेब रोख ठेवा. १ लाखातले ३०,००० फीला गेले तर उरलेल्या ७०,००० वर जवळपास ४३ टक्के कमवाल तेव्हा कुठे मूळ लाखावर याल. आमच्या मते फी भांडवलाच्या ५ टक्क्यांच्या आत बसत नसेल तर थांबलेलं बरं. पीककर्जाच्या पैशातून तर फी अजिबात देऊ नये. वेळेवर फेडल्याची जादा व्याज सवलत मुदतीत परतफेड झाली तरच मिळते, फेड अडली तर ती हातची जाईल.

आता माणूस तपासणं. शेअर घ्या-विका असा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर शेअर बाजाराच्या नियामकाची, म्हणजे सेबीची नोंदणी लागते: गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा आयएनएच ने. सेबीच्या संकेतस्थळावरच्या मध्यस्थांच्या यादीत नाव आणि क्रमांक जुळवून पाहा. 'मी फक्त शिकवतो' म्हणणाऱ्यासाठीही २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने बंधन घातलं: मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरचं नाव घेत पुढचा अंदाज किंवा सल्ला द्यायचा नाही. 'पासवर्ड द्या, खातं मी चालवतो' म्हणणाऱ्याला तिथेच नकार द्या. पोर्टफोलिओ सांभाळायची नोंदणी वेगळी असते आणि तिथे किमान रक्कमच ५० लाख आहे. खात्रीचा परतावा सांगायची परवानगी कोणालाच नाही. पैसे देऊन फसलात तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते.

पहिल्याच धड्यात ऑप्शन, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे मुदतीचे करार शिकवणाऱ्यापासूनही लांब राहा. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले, माणशी सरासरी सुमारे २ लाखांनी.

शहरातल्या मार्गदर्शकाला तुमची गैरसोय आधीच सांगा. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, आणि नेमकी त्याच वेळेत लाइन जाते, शेतात रेंज नसते, डवरणीचे दिवस असतात. इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, अशा ठिकाणी जमत नाही. संध्याकाळी दिवसाचा चार्ट पाहून जीटीटी ऑर्डर, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर, लावून ठेवायची पद्धत शिकवा म्हणा. शेअर हातात आला की स्टॉपची जीटीटी त्याच दिवशी लावायची. दुसऱ्या दिवशी भाव एकदम खाली उघडला तर ती चुकू शकते, म्हणून ब्रोकरचा फोनवरून ऑर्डर घेणारा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

काम सुरू झालं की महिन्यातून एक बैठक पुरते. प्रत्येक बैठकीत एकच चूक धरायची, दोन नाही. फी तीन महिन्यांपुरतीच द्या. मग वही पुन्हा मोजा: स्टॉप सरकवल्याच्या नोंदी सहावरून एक-दोनवर आल्या असतील तर पुढचे तीन महिने चालू ठेवा, तेवढ्याच असतील तर फी बंद करा.